करारापासून महिनाअखेरीपर्यंत : मुलांच्या फ्रँचायझी वर्गाचं सेंटर कोणत्या क्रमाने उभं करायचं

"मॅडम, पस्तीस मुलं आहेत, वर्ग भरलेला असतो, तरी महिनाअखेरीला पदरचे पैसे घालावे लागतात." असे फोन मला घोडबंदर रोडवरून, ऐरोलीतून, खारघरमधून सतत येतात. फोन करणाऱ्या बहुतेक जणी हुशार असतात, मुलांवर त्यांचा जीव असतो, काहींनी शाळेत दहा-बारा वर्षं शिकवलेलं असतं. शिकवण्यात त्या कमी पडत नाहीत. क्रम चुकतो. गाळा आधी घेतला आणि करार नंतर वाचला. बॅनर आधी लागला आणि प्रशिक्षण नंतर झालं. मूल आधी खुर्चीवर बसलं आणि त्याची चाचणी पुढच्या आठवड्यात झाली.

मी मानपाड्याजवळ गणित आणि इंग्रजीच्या वर्कशीटवर चालणारं सेंटर नऊ वर्षं चालवते. खालचा क्रम अशा सेंटरचा आहे. अबॅकस किंवा फोनिक्सच्या (अक्षरांच्या उच्चारांवरून इंग्रजी वाचन) फ्रँचायझीत साहित्य वेगळं असतं, पण करार, जागा, चाचणी आणि महिन्याचा हिशेब यांची रांग तीच राहते.

कामाची वाटणी आधी डोक्यात पक्की करा. अभ्यासक्रम, छापील साहित्य, नाव आणि प्रशिक्षण कंपनी देते. जागा शोधणं, माणसं ठेवणं, मुलं आणणं, फी गोळा करणं आणि पालकांसमोर उभं राहणं तुमच्याकडे असतं. ही वाटणी विसरली की "कंपनी बघेल" असं म्हणत दोन-दोन महिने जातात.

टप्पा १ : दुसऱ्याच्या सेंटरवर चार दिवस बसा

कंपनीच्या हॉटेलातल्या सादरीकरणाला जाण्याआधी तिची चालू सेंटर्स शोधा आणि त्यातल्या दोन ठिकाणी परवानगी घेऊन बसा. एक तुमच्या भागापासून लांबचं निवडा, म्हणजे समोरची व्यक्ती मोकळेपणाने बोलेल. ठाण्यातल्या बाईने नेरूळला जावं, नेरूळच्या बाईने नौपाड्यात यावं.

तिथे गेल्यावर शिकवणं बघू नका, हात बघा. गृहपाठ कोण तपासतं? मूल आत आल्यावर पहिल्या दोन मिनिटांत काय करतं? सेंटरच्या बाई स्वतः किती वेळ मुलांसोबत असतात आणि किती वेळ दारात पालकांसोबत? जाताना त्यांना तीन प्रश्न विचारा: साहित्य वेळेवर येतं का, रॉयल्टी (कंपनीला द्यायचा वाटा) कशावर मोजतात, आणि मागच्या वर्षी किती मुलं सोडून गेली. तिसऱ्या प्रश्नावर उत्तर यायला वेळ लागला तर थांबा, घाई करू नका. तिथूनच खरी माहिती सुरू होते.

टप्पा २ : करार वाचा, आणि जागेच्या आधी वाचा

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्याखालीच सगळं चालतं, त्यामुळे कागदावर जे लिहिलंय तेवढंच तुमचं. तोंडी आश्वासन ईमेलवर मागून घ्या. वकिलाला दाखवा, पण त्याआधी पेन्सिल घेऊन स्वतः या जागा शोधा:

हद्द. "ठाणे पश्चिम" एवढंच लिहिलं असेल तर ती हद्द नव्हे. घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखापर्यंत एकाच कंपनीची चार सेंटर्स बसू शकतात. पिनकोड, सेक्टर किंवा किलोमीटर, काहीतरी मोजता येईल असं लिहून घ्या. तुमच्या हद्दीतल्या मुलांना कंपनी स्वतः ऑनलाइन प्रवेश देणार का, हेही त्याच कलमात हवं.

रॉयल्टी कशावर. जमा झालेल्या फीवर, पटावरच्या मुलांवर की साहित्याच्या किमतीत मिसळून? तिन्ही पद्धती चालतात आणि तिन्हींचा हिशेब वेगळा निघतो. किमान रॉयल्टी आहे का आणि ती कितव्या महिन्यापासून, ते बघा.

बाहेर पडणं. डिपॉझिट कधी परत, उरलेलं साहित्य कंपनी परत घेते का, नोटीस किती दिवसांची, आणि तुम्ही थांबलात तर मुलांची यादी कोणाकडे जाते.

सुट्टीवरचं मूल. दोन महिने गावी गेलेल्या मुलाची रॉयल्टी लागते का? या एका ओळीवर वर्षाला काही हजार रुपये अवलंबून असतात, आणि करार करताना ही ओळ कोणी विचारत नाही.

सावधान : केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं म्हटलं आहे. आपला कार्यक्रम त्या व्याख्येत येतो की नाही, याचं उत्तर कंपनीकडून लेखी घ्या. "काही होत नाही हो" हे उत्तर धरू नका.

टप्पा ३ : हिशेब मांडा, आणि चाळीस मुलांवर मांडा

कंपनीचं गणित शंभर मुलांचं असतं. पहिल्या वर्षी चाळीस मुलं टिकली तरी काम चांगलं झालं, म्हणून त्याच आकड्यावर मांडायचं. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला.

समजा फी महिना २,००० रुपये आणि रॉयल्टी फीच्या २५ टक्के. चाळीस मुलांचे ८०,००० येतात. रॉयल्टी २०,०००, तिच्यावर १८ टक्के जीएसटी ३,६००, म्हणजे गेले २३,६००. गाळ्याचं भाडं २८,०००. तीन असिस्टंट प्रत्येकी ७,००० प्रमाणे २१,०००. वीज, इंटरनेट, पाणी, झाडलोट ४,०००. एकूण ७६,६००. उरले ३,४००.

साठ मुलं झाली की १,२०,००० येतात. रॉयल्टी जीएसटीसह ३५,४००, भाडं तेच, चौथी असिस्टंट लागते म्हणून पगार २८,०००, इतर ५,०००. उरतात २३,६००. चाळीस आणि साठ यांमध्ये वीसच मुलांचा फरक, पण एका बाजूला तुम्ही फुकट राबता आणि दुसऱ्या बाजूला पगार सुटतो. म्हणून भाडं ठरवताना "शंभर मुलं झाली की परवडेल" हे वाक्य मनातून काढून टाका.

पुढचा खड्डा जीएसटीचा. शाळेच्या शिक्षणाला सूट आहे, अशा वर्गांना नाही. महाराष्ट्रात सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते आणि फीवर १८ टक्के लागतो. २,००० फी असेल तर ८४ मुलांना तुम्ही २०,१६,००० वर पोहोचता. त्या दिवशी फी न वाढवता २,००० मध्येच कर धरलात तर हातात येतात सुमारे १,६९५. उलाढाल तुमच्या पॅनवर मोजतात, त्यामुळे त्याच पॅनवर दुकानाचं भाडं येत असेल तर तेही त्यात धरलं जातं. सत्तर मुलं झाली की सीएला भेटा, ऐंशीची वाट बघू नका. आणि फीच्या पावतीवर पहिल्या दिवसापासून "लागू झाल्यास कर वेगळा" ही ओळ छापा. नंतर पालकांना सांगणं फार जड जातं.

तपासा : सहा महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला ठेवलेत का? प्रवेश फीवर भाडं भरायची वेळ आली तर पुढच्या महिन्याच्या साहित्याला पैसे राहत नाहीत.

टप्पा ४ : जागा

हद्द कंपनीने लेखी मान्य केल्यावरच जागेचं टोकन द्या. माझ्या ओळखीतल्या एकीने वसंत विहारला गाळा घेतला, रंग दिला, आणि मग कळलं की तो पट्टा आधीच दुसऱ्या सेंटरला दिलेला आहे. डिपॉझिट बुडालं.

तळमजला किंवा लिफ्ट असलेला पहिला मजला, कमर्शियल गाळा, जवळ दोन मोठ्या सोसायट्या आणि मुलाला रस्ता ओलांडावा लागणार नाही अशी बाजू. घोडबंदर रोडच्या एका कडेच्या सोसायटीतलं मूल दुसऱ्या कडेच्या सेंटरला आठवड्यातून दोनदा येत नाही, फीमध्ये सवलत देऊनही येत नाही. नवी मुंबईत सेक्टरची रचना मदत करते: स्वतःच्या सेक्टरमधलं आणि लगतच्या सेक्टरमधलं मूल येतं, रेल्वे रुळांच्या पलीकडचं येत नाही.

फ्लॅटमध्ये सुरू करायचं असेल तर सोसायटीची लेखी ना हरकत आधी घ्या. सेक्रेटरी काका "चालेल हो" म्हणतात. सहा महिन्यांनी लिफ्टमध्ये चपलांचा चिखल झाला की सर्वसाधारण सभेत तुमचाच विषय येतो. ना हरकत पत्रात वारांचा आणि वेळेचा उल्लेख असू द्या.

भाड्याचा करार लीव्ह अँड लायसन्स असतो. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. मालक म्हणेल, साध्या स्टँप पेपरवर करू. नको म्हणा. फ्रँचायझीचा करार तीन वर्षांचा आणि जागेचा अकरा महिन्यांचा, ही जोडी धोक्याची. सेंटरला नाव व्हायला लागलं की मालक भाडं वाढवतो आणि मुलं तर हलवता येत नाहीत. छत्तीस महिने मागा, वाढ टक्क्यांत लिहून घ्या, आणि दोन महिन्यांच्या नोटिशीवर तुम्हाला बाहेर पडता यावं असं कलम घाला.

बोर्डाचं एक सांगते, कारण इथे पैसे वाया जातात. आपल्याकडे आस्थापनेचा नामफलक मराठीत, देवनागरीत हवा आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. कंपनीकडून येणारं डिझाइन बहुधा इंग्रजी ठळक आणि मराठी कोपऱ्यात, असं असतं. छापण्याआधी मराठी डिझाइन मागवा. दोनदा बोर्ड करून घेतलेल्या तिघी मला माहीत आहेत.

तपासा : संध्याकाळी सहा वाजता, पावसात, जागेसमोर स्वतः उभ्या राहा. आई स्कूटर कुठे लावेल? पाणी साचतं का? शौचालय आतच आहे का, की सामायिक पॅसेजमध्ये? सामायिक असेल तर ती जागा सोडा.

टप्पा ५ : कागदपत्रं

हे काम एका आठवड्याचं आहे, त्याचा बाऊ नको. दुकाने व आस्थापना कायद्याखाली छोट्या सेंटरला ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी हजार-दीड हजार मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नसतात. वेगळं चालू खातं उघडा आणि फी फक्त त्यातच घ्या. घरच्या खात्यात आलेली फी वर्षाअखेरीला शोधता येत नाही.

टप्पा ६ : माणसं

तपासणीला बसणारी असिस्टंट गणितात पदवीधर असायची गरज नाही. ती शांत, वेळेवर येणारी आणि उत्तर न सांगता थांबू शकणारी हवी. मुलाची पेन्सिल अडली की आपल्या तोंडून उत्तर निसटतं, ते आवरणारी व्यक्ती मिळणं कठीण आहे. मुलाखतीत मी एक चुकलेलं वर्कशीट देते आणि समोर एक मूल बसवते. "इथे सात नाही, आठ" असं जी म्हणते तिला नंतर कळवते. "हे परत बघ बरं" म्हणून जी थांबते तिला घेते.

सोसायटीतल्या गृहिणी आणि कॉलेजच्या मुली, दोन्ही ठेवा. कॉलेजच्या मुली सेमिस्टरच्या परीक्षेत एकदम गायब होतात. गृहिणी गणपतीत आणि मे महिन्यात. दोन्ही असल्या तर सेंटर बंद पडत नाही.

प्रत्येकीची पोलिस चारित्र्य पडताळणी करून घ्या. पोलिसांच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्यानंतर पालक पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि विचारायलाच हवा. काही नियम भिंतीवर लावा: मोठं माणूस आणि मूल बंद दाराआड एकटे राहणार नाहीत. लहान मुलाला शौचालयाला मदत लागली तर पालकांनी आधी लेखी सांगितलेली बाईच जाईल. कॅमेरा वर्गावर आणि दारावर असेल, शौचालयाकडे तोंड करून कधीच नाही. मुलाने काही सांगितलं किंवा तुम्हाला शंका आली तर पोक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी पालकांशी, आधी कंपनीशी चर्चा करू, असा पर्याय तिथे नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर टेबलाच्या काचेखाली असू द्या.

टप्पा ७ : प्रवेशाची चाचणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि मूल टिकणार की तीन महिन्यांत जाणार हेही इथेच ठरतं.

चाचणी घेताना गुण नंतर मोजा. आधी दोन गोष्टी टिपा: लागलेला वेळ आणि हात. माझ्याकडे चौथीतली एक मुलगी आली. शाळेत गणितात अ श्रेणी. चाचणीतली बावन्न वजा सतरासारखी सगळी उदाहरणं बरोबर. पण टेबलाखाली तिचा डावा हात मांडीवर होता आणि बोटं एकामागून एक दाबली जात होती. वीस उदाहरणांना तिला साडेअकरा मिनिटं लागली. गुणपत्रिकेवर ती वीसपैकी वीस. माझ्या नोंदीत तिची सुरुवात एक अंकी बेरजेपासून.

आई रागावल्या. "मॅडम, चौथीतल्या मुलीला तुम्ही पहिलीची बेरीज देणार? त्याचे दोन हजार?"

इथे समजावत बसू नका, दाखवा. मी कोऱ्या कागदावर आठ अधिक सहा, सात अधिक नऊ अशी दहा उदाहरणं लिहिली आणि घड्याळ आईंच्या हातात दिलं. एक मिनिट दहा सेकंद लागले. मग म्हटलं, "ताई, भागाकारात प्रत्येक पायरीला हीच बेरीज-वजाबाकी येते. तिथे तिचा सगळा वेळ यात जातो, म्हणून ती पेपर पूर्ण करत नाही ना?" आईंनी मान हलवली. पेपर पूर्ण होत नाही, हीच त्यांची तक्रार होती आणि ती मी फॉर्मवर वाचलेली होती. सात महिन्यांनी त्या मुलीची बोटं थांबली.

सुरुवात मुलाला सहज जमतं त्याच्या एक-दोन पायऱ्या खाली करायची. पहिले दोन आठवडे त्याला वेळेत आणि बिनचूक करता आले पाहिजेत. शाळेची इयत्ता बघून लेव्हल देणं ही नवीन सेंटरची ठरलेली चूक आहे. पालक खूश होतात, मूल पाचव्या आठवड्यात अडतं, घरी रडारड सुरू होते आणि फी थांबते.

मराठी माध्यमाच्या मुलासाठी दोन जादा तपासण्या करा. पहिली, आकडे बोलून लिहायला सांगा. "एकोणसाठ" म्हटल्यावर ६९ लिहिणारी मुलं खूप असतात, कारण मराठीत कानाला साठ ऐकू येतात. तेच मूल छापलेल्या ५९ वर बेरीज बरोबर करतं. म्हणजे बेरजेत दोष नाही, ऐकण्यात आहे, आणि त्याला खालची लेव्हल देऊन उपयोग नाही. त्याला रोज पाच आकड्यांचं श्रुतलेखन द्या. दुसरी, पाढे मध्येच विचारा. "सात सक?" म्हटल्यावर मूल "सात एके सात, सात दुणे चौदा" असं सुरुवातीपासून म्हणायला लागलं तर त्याला पाढ्याची चाल येते, गुणाकार अजून यायचा आहे. आजोबांनी प्रेमाने पाठ करून घेतलेला असतो, तो वाया जाऊ देऊ नका. त्याच चालीतून उलटसुलट विचारत न्या.

अबॅकसच्या वर्गात हीच तपासणी वेगळ्या रूपात येते. वरचा मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे. सातात पाच मिळवायचे तर वरचा मणी उचलून दहाच्या दांडीवर एक चढवायचा. "पाचाचा मित्र पाच" (दहा पूर्ण करणारी जोडी) हे मूल मणी न बघता सांगू शकत नसेल तर पुढची लेव्हल देऊ नका, बॅच पुढे गेली तरी.

तपासा : चाचणीच्या कागदावर तारीख, वेळ, बोटं मोजली का, आणि सुरुवातीचं वर्कशीट, या चार नोंदी आहेत का? तो कागद जपून ठेवा. सहा महिन्यांनी पालकांना दाखवायला याहून मोठा पुरावा नाही.

सावधान : "तीन महिन्यांत वर्गात पहिला", "शंभर टक्के निकाल" असं तोंडी किंवा पत्रकावर लिहू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मुलाचा फोटो किंवा गुण कुठेही लावण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या.

टप्पा ८ : वर्गाचा दिवस

माझे वर्गाचे वार सोमवार आणि गुरुवार, चार ते साडेसात. मी सव्वातीनला पोहोचते.

पहिली पंचेचाळीस मिनिटं फोल्डरची. प्रत्येक मुलाचं फोल्डर, त्यात आजचं वर्कशीट आणि घरी न्यायचे संच, पुढच्या वर्गापर्यंतच्या प्रत्येक दिवसासाठी एक. हे वर्ग सुरू असताना करायला घेतलं की सगळं कोसळतं. मुलं येत राहतात आणि तुम्ही कपाटाकडे पाठ करून उभ्या.

मूल आलं की क्रम ठरलेला: चपला रॅकमध्ये, हजेरीवर सही, गृहपाठ निळ्या ट्रेमध्ये, फोल्डर उचलायचं, आपल्या जागेवर बसायचं, वरच्या कोपऱ्यात सुरुवातीची वेळ लिहायची. चार वर्षांचं मूलही तिसऱ्या आठवड्यात हे स्वतः करतं. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक मुलामागे उभं राहून हा क्रम बसवा, गणित तेवढे दिवस मागे पडलं तरी चालेल.

बसण्याची जागा वयावर ठरवू नका, लागणाऱ्या मदतीवर ठरवा. सतत मदत लागणारी माझ्या टेबलाला लागून, अधूनमधून लागणारी मधल्या रांगेत, स्वतः करणारी भिंतीकडे. दुसरीतलं मूल भिंतीकडे आणि सहावीतलं माझ्याजवळ असू शकतं. सहावीतल्या मुलाला त्याचं वाईट वाटणार नाही अशा बेताने त्याला माझ्या टेबलाची कडेची खुर्ची देते.

तपासताना चूक असेल तिथे फक्त खूण. मूल स्वतः दुरुस्त करतं, परत आणतं, सगळं बरोबर झालं की मग शंभर गुण. जाताना मी प्रत्येकाला एक मिनिट तोंडी विचारते. ते मिनिट मी कधीच सोडत नाही, बाहेर पालक कितीही ताटकळलेले असोत.

खुर्च्यांचं गणित बघा. चौदा खुर्च्या, पस्तीस मिनिटांची पाळी, साडेतीन तासांत सहा पाळ्या, म्हणजे दिवसाला ८४ जागा. साठ मुलं सहज मावतात असं वाटतं. पण प्रत्येकाला पाच ते सहाच हवं असतं, आणि त्या तासात तेवीस मुलं आली की चौदाच बसतात, बाकीची दारात. प्रवेश देतानाच पाळी लिहून द्या. चारची पाळी शाळा दुपारी सुटणाऱ्यांना, सातची मोठ्या मुलांना. "कधीही आणा" हे सुरुवातीला चांगुलपणाचं वाटतं, मग आवरत नाही.

घ्यायला येणाऱ्याचं नाव प्रवेशाच्या फॉर्मवर हवं. नवीन माणूस आला तर आधी पालकांना फोन, मग मूल त्याच्या हाती. ओळखीचे काका असले तरी.

पावसाळ्यासाठी दाराशी छत्र्यांची बादली आणि प्रत्येक मुलाला प्लास्टिकचं फोल्डर. भिजलेलं वर्कशीट परत द्यावं लागतं, ते तुमच्या खिशातून. आणि साहित्याची झेरॉक्स काढू नका. तो कॉपीराइटचा भंग आहे आणि करार रद्द होण्याचं कारणही.

टप्पा ९ : साहित्याची ऑर्डर

दर महिन्याच्या आठ तारखेला प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहा: आत्ता कोणत्या संचावर, महिनाअखेरीला कुठे असेल, तोच संच पुन्हा लागेल का. पुन्हा लागणारे बहुतेक वेळा विसरतात, कारण आपण मूल पुढे जाईल असंच धरतो. दहापर्यंत ऑर्डर द्या. गणपती आणि दिवाळीच्या महिन्यात कुरिअर रेंगाळतं, तेव्हा दोन महिन्यांचं एकदम मागवा. साहित्य संपलं म्हणून मुलाला पुढचा संच देऊन वेळ मारून नेऊ नका. त्याची पायरी तिथेच सुटते.

टप्पा १० : महिनाअखेर

रॉयल्टी पटावरच्या मुलांवर असेल तर हा टप्पा तुमचा नफा ठरवतो. कंपनीचा दर महिन्याचा एक शेवटचा दिवस असतो, समजा पंचवीस. त्याच्या आत ज्याचं नाव काढलं नाही त्याची रॉयल्टी लागते, मग ते मूल आलेलं असो वा नसो.

वरच्या नमुन्यात एका मुलाची रॉयल्टी जीएसटीसह ५९० रुपये. आठ मुलं न सांगता यायची थांबली, तुम्ही "येतील पुन्हा" म्हणत दोन महिने नावं ठेवली, तर ९,४४० रुपये गेले. पस्तीस मुलं असूनही पैसे राहत नाहीत असं म्हणणाऱ्यांचा पट मी तपासते तेव्हा त्यात अशी पाच-सात नावं हमखास निघतात.

म्हणून माझ्या तारखा ठरलेल्या आहेत. पाचपर्यंत फी. सहाला आठवण, व्यक्तीला, ग्रुपवर नाही. सलग दोन वर्ग चुकले की त्याच संध्याकाळी फोन. अठराला पट वाचायचा, एकेक नाव मोठ्याने, असिस्टंटसमोर. बावीसला सुट्टीवरच्या मुलांच्या पालकांकडून लेखी निरोप, व्हॉट्सअॅपचा चालतो. चोवीसला नावं काढायची.

तपासा : पटावरची संख्या, हजेरीतली संख्या आणि फीच्या पावत्यांची संख्या. तीन आकडे जुळले नाहीत तर कंपनीच्या पोर्टलवर काही भरू नका.

टप्पा ११ : मार्च ते जून

सीबीएसई आणि आयसीएसईची मुलं एप्रिलमध्ये नव्या वर्गात जातात, राज्य मंडळाची जूनमध्ये, आणि मध्ये मे महिना गावाचा. या चार महिन्यांत सेंटर अर्धं होऊ शकतं.

मार्चमध्ये "परीक्षा आहे, महिनाभर थांबवतो" असा निरोप येतो. पूर्ण थांबवू देऊ नका, रोजची पानं निम्मी करा. रोज दहा मिनिटं चालू राहिली की मूल एप्रिलमध्ये परत येतं. मध्ये महिनाभर खंड पडला तर ते लेव्हल विसरतं, मागे जावं लागतं, आणि मागे गेलेलं पालकांना सहन होत नाही. मेमध्ये कोकणात, साताऱ्याला जाणाऱ्यांना पानं बांधून द्या, प्रत्येक संचावर तारीख लिहून. आजी-आजोबांसाठी वर मराठीत दोन ओळी: "रोज नाश्त्यानंतर. उत्तर सांगू नका, वेळ लिहा."

परत आलेले गठ्ठे जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतः तपासा, असिस्टंटला देऊ नका. कुठल्या तारखेपासून अक्षर बदललं, कुठे एका बैठकीत दहा दिवसांची पानं उरकली, हे तुम्हाला दिसेल. त्यावरून जूनची सुरुवातीची पायरी ठरवा आणि पालकांना प्रत्येकी दहा मिनिटांची वेळ द्या, मार्चमधली चाचणी आणि आत्ताची, दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून.